सीन्स फ्रॉम अ मेमरी पहिल्यांदा ऐकताय? मग मात्रा मोजत बसू नका

ड्रीम थिएटर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा हा १९९९ चा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पार डोक्यावरून गेला, कारण आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं की यात टाइम सिग्नेचर (म्हणजे तालातल्या मात्रांची मांडणी) बघ कसली बदलतात, आणि मी येड्यासारखा ७७ मिनिटं बोटांवर मोजत बसलो. गाणी ऐकलीच नाहीत म्हणजे. म्हणून हे लिहितोय.

आधी सेटिंग. शफल बंद, क्रॉसफेड (प्लेअरने दोन गाणी एकमेकांत मिसळणं) बंद आणि गॅपलेस (गाण्यांमधे खंड न पडू देणारी सेटिंग) चालू, कारण एक गाणं दुसऱ्यात घुसतं आणि मधे अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला की मजा गेली. हेडफोन हवेतच (होम या गाण्यात मधेच असे काही आवाज आहेत की स्पीकरवर लावलंत आणि घरचे आले तर तुमचं तुम्ही बघा). एवढा वेळ सलग नसेल तर कुठेही तोडू नका, थ्रू हर आइज हे गाणं संपल्यावर थांबा, तिथे पहिला अंक संपतो, होमपासून दुसरा सुरू.

गोष्ट एवढीच माहीत असू द्या: निकोलस नावाच्या माणसाला विचित्र स्वप्नं पडतायत, तो हिप्नोथेरपिस्टकडे जातो आणि १९२८ मधल्या व्हिक्टोरियाच्या खुनाचं प्रकरण उलगडायला लागतं. बास. पूर्ण कथा आधी वाचू नका प्लीज, शेवट वाया जातो. पण लिरिक्स समोर उघडी ठेवा, कारण सगळी पात्रं जवळपास एकटा गायक लाब्री गातो आणि आत्ता निकोलस बोलतोय की त्या १९२८ च्या गोष्टीतला ज्युलियन हे नुसत्या आवाजावरून पटकन कळत नाही.

आता मेन गोष्ट. एक चाल पकडा आणि ती परत कुठे येते बघा. सगळ्यात सोपी रिग्रेशन या पहिल्याच गाण्यातली, घड्याळाची टिकटिक, मग थेरपिस्टचा आवाज आणि मग नुसत्या अकूस्टिक गिटारवर लाब्री हळूच गायला लागतो ना, तीच. ती डोक्यात ठेवा आणि सोडून द्या. तासाभराने द स्पिरिट कॅरीज ऑनच्या शेवटाकडे तीच चाल परत येते, सुरुवातीचे शब्दसुद्धा तेच, फक्त आता मागे गॉस्पेल क्वायर (चर्चमधल्यासारखं समूहगायन) आहे आणि माणूस घाबरलेला नाहीये. मला हे चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात आलं आणि सरळ काटा आला अंगावर. तसंच वन लास्ट टाइमची ओळ फायनली फ्रीमध्ये परत येते, ती कोणाच्या तोंडी येते ते बघा, मी सांगत नाही.

द डान्स ऑफ एटर्निटी सध्या फक्त अंगावर घ्या. सहा मिनिटांत शंभरहून जास्त वेळा मीटर (म्हणजे तीच टाइम सिग्नेचर) बदलतं, मोजून हाती काही लागत नाही. मायुंगचा बेस धरून चला, मधेच कीबोर्डवाल्या रुडेसचा जुन्या रॅगटाइम स्टाइलचा पियानो टपकतो तिथे हसू आलं पाहिजे. (रुडेसचा बँडसोबतचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम, पठ्ठ्या आल्या आल्या सुटलाय.) दोन-तीनदा ऐकून झालं की १९९२ च्या इमेजेस अँड वर्ड्स अल्बममधलं मेट्रोपोलिस पार्ट वन हे गाणं लावा, हा अल्बम त्याचाच पार्ट टू आहे. मग परत होम आणि डान्स ऐका, अर्धे रिफ (परत परत येणारे सुरांचे छोटे तुकडे) ओळखीचे निघतील.

बियाँड धिस लाइफ शेवटी जरा ताणलंय असं माझं मत आहे, शिव्या घाला हवं तर, पण पहिल्या वेळी तेही स्किप करू नका.

आणि फायनली फ्रीमध्ये गाणं संपलं असं वाटलं तरी हेडफोन काढायचे नाहीत. पोर्टनॉयचे ड्रम्स विरतात, मग एक गाडी, एक दार, आणि शेवटी नुसती खरखर. प्लेअर बिघडलेला नाहीये. बँडचा २००२ चा पुढचा अल्बम त्याच खरखरीने सुरू होतो.