'एकलकोंडा' कसा उलगडायचा आणि कुठे वापरायचा

आधी शब्द दोन भागांत तोडा: एकल आणि कोंडा. पहिल्या भागाचा माग स्वच्छ लागतो. संस्कृत 'एक'चे प्राकृतात 'एक्क' झाले आणि त्याला 'ल्ल' प्रत्यय लागून 'एक्कल्ल'. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'नव' आणि 'एक' या शब्दांना हा 'ल्ल' विकल्पाने लागतो, असा नियमच दिला आहे. आपला 'एकला' त्यातूनच आला. 'एकाकी' मात्र थेट संस्कृतातला. सोबत नसलेला या अर्थी 'एक'ला लागणारा प्रत्यय पाणिनीने सांगितला आहे.

दुसऱ्या भागापाशी घाई नको. धान्याच्या कोंड्याशी नाते जोडू नका, अर्थ कुठेच जुळत नाही. 'कोंडणे' अर्थाने जुळते, पण ध्वनी आणि अर्थ जुळले एवढ्यावर व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. मधली रूपेही सापडावी लागतात. त्यासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, 1857), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश शेजारी ठेवून पाहा. पहिले दोन शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

आता वापर. सर्वाधिक गफलत इथेच होते, कारण 'एकटा' परिस्थिती सांगतो आणि 'एकलकोंडा' स्वभाव. शंका आली की पुढे 'पडला' लावून बघा. 'एकटा पडला', 'एकाकी पडला' सहज म्हणता येते. 'एकलकोंडा पडला' म्हणताच कान अडखळतो. 'एकलकोंडा होत चाललाय' मात्र चालते, कारण स्वभाव बदलू शकतो.

शब्दात तक्रारीची छटा आहे, हे विसरू नका. कुणाचा परिचय लिहिताना 'एकांतप्रिय' घ्या, त्यात दोष दिल्यासारखे वाटत नाही. 'माणूसघाणा' याहून बोचरा: त्याला माणसेच नकोशी असतात. एकलकोंड्याला माणसांचा तिटकारा असेलच असे नाही, आणि हा फरक जपलाच पाहिजे, नाहीतर अबोल माणसावर अन्याय होतो. 'घरकोंबडा' घर सोडत नाही इतकेच. त्याच्याकडे दिवसभर पाहुण्यांची वर्दळ असू शकते. त्याच्याशी सरमिसळ करून 'एकलकोंबडा' लिहू नका.

रूपे: एकलकोंडी मुलगी, एकलकोंडे मूल, एकलकोंड्या माणसाला. भाववाचक नाम 'एकलकोंडेपणा'.