नोडवर रिमोट लॉगइन करताना या चुका टाळा

रात्रपाळीला फोन येतो आणि समोरचा एकच वाक्य बोलतो: "मॅडम, नोडवर लॉगइन होत नाहीये."

महापे-रबाळे पट्ट्यातल्या टेलिकॉम कंट्रोल रूममध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत. नोड म्हणजे साइटवर बसवलेला नेटवर्कचा डबा: राउटर, स्विच किंवा रेडिओ. हे वाक्य ऐकलं की मी उलट विचारते, "स्क्रीनवर नेमकं काय आलंय ते शब्दन् शब्द वाचून दाखव." बहुतेक वेळा ते वाचलेलंच नसतं. खिडकी बंद करून पुन्हा उघडलेली असते, पासवर्ड चार वेळा मारून झालेला असतो आणि तोवर अकाउंटही लॉक झालेलं असतं. मूळ अडचण एक होती, आता दोन झाल्या.

एरर न वाचता पासवर्ड मारत बसणं

"लॉगइन होत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार दडलेले असतात. "कनेक्शन टाइम्ड आउट" आलं तर तुमची हाक पोचत नाहीये किंवा उत्तर परत येत नाहीये. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जाणारा बोगदा) तुटलंय, परतीचा राउट नाही, मधला फायरवॉल गुपचूप पॅकेट गिळतोय किंवा नोडच बंद पडलाय. अशा वेळी पासवर्डचा विचारही करू नका, तिथपर्यंत तुम्ही पोचलेलेच नाही.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर मला उलट हायसं वाटतं. क्वचित एखादा फायरवॉलही असा नकार पाठवतो, पण बहुतेकदा नोड स्वतःच नाही म्हणत असतो. म्हणजे तो जिवंत आहे, वाटही आहे. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगइन करायची सेवा) चालू नाही, तिचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, बदललाय किंवा आत जाण्याच्या सगळ्या लाइन्स भरल्या आहेत. सिस्कोच्या बऱ्याच जुन्या डब्यांवर मुळात पाचच व्हीटीवाय लाइन्स असतात, ० ते ४. कोणी लॅपटॉपचं झाकण तसंच मिटून घरी गेला की त्याचं सेशन आत लटकत राहतं. साधारणपणे दहा मिनिटांनी ते आपोआप सुटतं. पण कोणीतरी सोयीसाठी टाइमआउट शून्य करून ठेवलेला असेल तर ती लाइन अडकलीच. अशी पाच भुतं आत बसली की सहाव्याला दार बंद. टाइमआउट शून्य ठेवू नका, आणि निघताना "एक्झिट" मारून निघा.

आणखी एक. "पिंग येतोय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे" हे अर्धसत्य आहे. पिंग म्हणजे नोडला मारलेली "आहेस का?" अशी छोटी हाक. ती आयसीएमपी या पद्धतीने जाते, लॉगइन टीसीपी या वेगळ्या पद्धतीने, २२ नंबर पोर्टवर. फायरवॉल एकाला सोडून दुसऱ्याला अडवू शकतो. जंप सर्व्हरवरून (नोडवर जाण्याआधी ज्यावर चढायचं ते ऑफिसचं मशीन) २२ नंबर वेगळा तपासा. एसएसएचचा बॅनर (नोडने दिलेली ओळखीची पहिली ओळ) दिसला की तिथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.

घरचं वाय-फाय आणि साइटचा आयपी यांची गल्लत

घणसोलीला राहणाऱ्या आमच्या एका मुलाने एका रविवारी घरून ओएलटीचं, म्हणजे ग्राहकांच्या फायबर लाइन्स जिथे जोडलेल्या असतात त्या डब्याचं, वेब पेज उघडलं. पत्ता १९२.१६८.१.१. लॉगइन पेज आलं. युजर-पासवर्ड टाकला, नाही घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. "ताई, ओएलटीचा पासवर्ड कोणीतरी बदललाय," त्याचा घाबरलेला फोन. मी त्याला पानाच्या वरच्या कोपऱ्यातलं कंपनीचं नाव वाचायला सांगितलं. ते त्याच्या हॉलमधल्या टीव्हीमागच्या राउटरचं होतं. तो स्वतःच्याच घराच्या राउटरवर ओएलटीचा पासवर्ड टाकत होता.

१९२.१६८.१ ही मालिका बहुतेक घरगुती राउटरांना कारखान्यातूनच मिळते. व्हीपीएन जोडलेलं असलं तरी लॅपटॉपला तो पत्ता शेजारीच दिसतो, मग तो पॅकेट बोगद्यात कशाला टाकेल? म्हणून मॅनेजमेंटचे पत्ते ठरवताना ही मालिका टाळा, १० ने सुरू होणाऱ्यांतला एखादा आडवळणी पट्टा घ्या. आधीच दिलेले असतील तर घरून थेट जाऊ नका, जंप सर्व्हरवर चढा आणि तिथून जा. साइटवर जाऊन आलेल्यांनी आणखी एक बघावं: रेडिओला जोडताना लॅन कार्डला हाताने दिलेला आयपी काढलाय का? तो तसाच राहिल्यामुळे सोमवारी सकाळी ऑफिसात "माझं काहीच चालत नाहीये" असं सांगत फिरणारे मी खूप पाहिलेत.

पिंग येतो, पोर्ट उघडा आहे, तरी स्क्रीन गोठते

हा आजार सगळ्यात छळतो, कारण वरवर सगळं ठणठणीत दिसतं. एसएसएच जोडलं जातं आणि पासवर्ड विचारायच्या आधीच थिजतं. किंवा लॉगइन होतं, छोटी कमांड चालते, पण पूर्ण कॉन्फिगरेशन दाखवायला सांगितलं की कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहतो.

दोष बहुधा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, असतो. इथरनेटवर १५०० बाइट्सचं पॅकेट जातं. व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टण चढवतं, त्यामुळे आतल्या मालाला जागा कमी उरते. मोठं पॅकेट मध्येच कुठेतरी टाकून दिलं जातं, आणि "लहान करून पाठव" हा निरोप फायरवॉलने अडवला तर पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. साधा पिंग काही बाइट्सचा, तो निसटून जातो. लॉगइनच्या आधी दोन्ही बाजू गुप्त चावी ठरवतात, ती पॅकेटं मात्र मोठी असतात, ती अडकतात.

तपासणी दोन मिनिटांची आहे. तुकडे करायची मनाई घालून १४७२ बाइट्सचा पिंग मारा. त्यात २८ बाइट्सची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. गेला नाही तर शंभर-शंभरने उतरत जा. १३७२ ला गेला तर उत्तर मिळालंच. मग व्हीपीएनचा एमटीयू कमी करा किंवा राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातल्या मालाची मर्यादा) आवळा. नोडला हात लावू नका, त्याचा यात काही दोष नाही.

जुना नोड, नवा लॅपटॉप

"नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड फाउंड" असं आलं की दोघांची भाषा जुळत नाहीये. ओपनएसएसएचने (लॅपटॉपवरच्या एसएसएच प्रोग्रॅमने) २०१५ मध्ये ७.० आवृत्तीत चावी ठरवण्याची एक जुनी, कमकुवत पद्धत आपणहून देणं थांबवलं, आणि २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीत एसएचए-१ या जुन्या सूत्रावर आधारलेल्या आरएसए सह्या बंद केल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेल्या डब्याला एवढंच येतं. वेब पेजचंही तेच. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, आणि जुने मायक्रोवेव्ह रेडिओ अजून त्यांच्याच जिवावर पान दाखवू पाहतात.

इथे लोक दोन चुका करतात. एक, वैतागून टेलनेट उघडतात. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, मध्ये बसलेला कोणीही वाचू शकतो. दोन, स्वतःच्या लॅपटॉपवर सगळ्या जगासाठी जुन्या पद्धती चालू करून ठेवतात. त्यापेक्षा जंप सर्व्हरवर फक्त त्या नोडपुरती सूट लिहा, आणि जुना ब्राउझर लागत असेल तर तो इंटरनेट नसलेल्या वेगळ्या मशीनवर ठेवा.

"होस्ट की बदलली आहे" हा इशारा आला, म्हणजे नोडची ओळखचावी आधीसारखी नसली, की लॅपटॉपवर साठवलेली जुनी ओळ पुसून पुढे जायचा मोह आवरा. कंट्रोल कार्ड बदललं तर चावी बदलते, ते ठीक. पण कार्ड बदलल्याची नोंद शिफ्टच्या वहीत आहे का? नसेल तर कोणीतरी मध्ये बसलेलं असू शकतं, किंवा एकच आयपी दोघांना दिला गेलेला असू शकतो. उत्तर मिळेपर्यंत पासवर्ड टाकू नका.

लोकल युजरवर आंधळा विश्वास

"टॅकॅक्स चाललं नाही तर लोकल युजर आहेच," असं सगळे म्हणतात. टॅकॅक्स म्हणजे सगळ्यांचे आयडी-पासवर्ड एका जागी तपासणारा सर्व्हर, आणि लोकल युजर म्हणजे नोडवरच साठवलेला आयडी. सिस्कोच्या नेहमीच्या मांडणीत लोकल युजर तेव्हाच विचारला जातो, जेव्हा टॅकॅक्स सर्व्हर उत्तरच देत नाही. सर्व्हरने उत्तर दिलं आणि ते "नाही" असं असलं, तर विषय संपला. त्यामुळे सर्व्हर चालू असताना लोकल पासवर्ड मारून "चुकीचा दिसतोय" असं ठरवू नका. तो बरोबर असेल, त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

दुसरी खोच रिंगमध्ये, म्हणजे गोलाकार जोडलेल्या नोड्समध्ये, सापडते. फायबर तुटला, ट्रॅफिक उलट्या बाजूने फिरला, आणि अचानक एका नोडवर कोणाचंच टॅकॅक्सचं लॉगइन चालेना. सर्व्हर त्या नोडला लूपबॅकच्या, म्हणजे नोडच्या कायम राहणाऱ्या, पत्त्याने ओळखत होता. विचारणा कोणत्या पत्त्यावरून जावी हे ठरवणारा सोर्स इंटरफेस नोडवर बांधलेला नव्हता, म्हणून वाट बदलल्यावर विचारणा दुसऱ्याच पत्त्यावरून जाऊ लागली, आणि अनोळखी म्हणून सर्व्हरने ती सोडून दिली. एका ओळीचं काम राहिलं होतं.

आणि एकच आयडी सगळ्यांनी वापरणं सोडा. एकाने चुकवला की अख्खी शिफ्ट बाहेर. शिवाय परवान्याच्या अटींनुसार कोणती कमांड, कोणी, केव्हा आणि कुठून दिली, याची नोंद ऑपरेटरने १२ महिने हाताशी आणि पुढचे २४ महिने साठवून ठेवायची असते. दहा जणांचा एकच आयडी असेल तर "कोणी" या रकान्यात काय लिहिणार?

वेब इंटरफेस पब्लिक आयपीवर उघडा ठेवण्याबद्दल मी फार लिहीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई प्रणालीतल्या वेब पेजच्या त्रुटीतून लोकांनी पासवर्डशिवाय सर्वोच्च अधिकाराचे युजर बनवून घेतले होते. बंद करा, आजच.

परतीची वाट न बघता एंटर मारणं

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. तुम्ही ज्या वाटेने नोडमध्ये शिरता, बऱ्याचदा तीच वाट तुमच्या कमांडच्या टप्प्यात असते.

काही वर्षांपूर्वी जुलैतली एक रात्र, बाहेर मुसळधार. ठाण्याला कोलशेतच्या एका सोसायटीच्या गच्चीवर आमचा एक ॲग्रिगेशन स्विच होता, त्यामागे अकरा साइट्स. एका ग्राहकासाठी ट्रंकवर (अनेक नेटवर्कं एकत्र वाहून नेणाऱ्या लाइनवर) नवा व्हीलॅन, म्हणजे त्याचं वेगळं नेटवर्क, द्यायचा होता. ओळ लिहायची होती "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड" आणि पुढे नंबर. मी "ॲड" लिहायला विसरले. त्या एका शब्दाशिवाय ती कमांड आधीची अख्खी यादी फेकून देते आणि फक्त नवा नंबर ठेवते. आम्ही ज्यावरून आत शिरतो तो मॅनेजमेंटचा व्हीलॅनही त्या यादीतच होता. एंटर मारला, दोन वाजून दहा मिनिटं. प्रॉम्प्ट (कमांड लिहायची खूण) परत आला नाही, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर अकरा ओळी लाल झाल्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचा अख्खा बॅकबोन (डेटा सेंटर्स जोडणारं मुख्य जाळं) देखभालीच्या एका कमांडने खाली आला. बाहेरून शिरायचं वेगळं नेटवर्कही चाललं नाही, आणि इंजिनीअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क एका फिल्टरच्या बदलानंतर कोसळलं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक तुटले, आणि मॅनेजमेंटचं जाळं त्याच कोअरवर, म्हणजे मुख्य नेटवर्कवर, टेकलेलं असल्याने त्यांच्याच लोकांना आत शिरता येईना.

म्हणून बदलाच्या आधी स्वतःला विचारा: ही ओळ चुकली तर मी परत आत कशी येणार? जुनिपर कंपनीच्या डब्यावर "कमिट कन्फर्म्ड" वापरा. दहा मिनिटांत दुजोरा दिला नाही तर तो आपणहून जुन्या जागी येतो. सिस्को आयओएसवर "रीलोड इन १०" (दहा मिनिटांनी डबा पुन्हा सुरू होतो) लावून काम करा, सगळं नीट दिसल्यावर "रीलोड कॅन्सल" आणि मगच सेव्ह. आधी सेव्ह केलंत तर रीलोडनंतर चूकच परत येईल. रीलोडने ट्रॅफिक काही मिनिटं पडतो हे खरं, पण काही मिनिटं आणि तीन तास यांत फरक आहे. आर्काइव्ह (जुन्या कॉन्फिगरेशनची साठवण) लावलेलं असेल तर "रिव्हर्ट टायमर" त्याहून बरा, त्यात रीलोड लागत नाही. ॲक्सेस लिस्ट (कोणाला आत सोडायचं याची यादी) लावताना शेवटी न दिसणारा "सगळ्यांना मनाई" असतो हे विसरू नका, स्वतःचा पत्ता आधी आत घ्या. आणि पहिलं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगइन करून बघा. जुनं सेशन चालू आहे म्हणून नवं आत येईलच असं नसतं.

त्या रात्री यातलं काहीच लावलेलं नव्हतं. माजिवड्याहून आमचा फील्डवाला दादा बाइकवर रेनकोट घालून निघाला. सोसायटीच्या वॉचमनने गच्चीची किल्ली द्यायला नकार दिला, सेक्रेटरींची परवानगी हवी म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, रात्री-अपरात्री कोणालाही वर सोडायचं नाही हे त्याचं काम. ती परवानगी आम्ही आधीच लेखी घेऊन ठेवायला हवी होती. सेक्रेटरींनी फोन उचलला तेव्हा साडेचार होत आले होते.

वर पोचल्यावर कन्सोलवर (डब्याला थेट केबल लावून उघडायची वाट) काहीच दिसेना. त्याच्या बॅगेतली यूएसबी-सिरियल केबल विंडोजने ओळखलीच नव्हती. बाजारात नकली चिपच्या केबली बऱ्याच फिरतात आणि नवा ड्रायव्हर त्यांना नाकारतो. नशिबाने दुसरी होती. तीवर अक्षरं आली, पण सगळी वेडीवाकडी. "दादा, स्पीड किती ठेवलाय?" "एक लाख पंधरा हजार दोनशे." "९६०० करा. आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. आणि एंटर दोनदा."

पाच वाजून सहा मिनिटांनी त्याने प्रॉम्प्ट वाचून दाखवला. मी ओळ सांगितली, "ॲड" हा शब्द थांबून, वेगळा. त्याने ती मारायच्या आधी मला परत वाचून दाखवली. अकरा लाल ओळी वरून खाली एकेक करून हिरव्या झाल्या. फोनवर मागे गच्चीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि तो विचारत होता, "मॅडम, सेव्ह करू का आता?"