चेहरा तात्पुरता उचलून धरणाऱ्या पट्ट्या वापरताना या चुका टाळा

फेसलिफ्ट टेप वापरणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा तीनच असतात: पट्टी टिकत नाही, लावलेली कळते, किंवा काढल्यावर त्वचा लाल होऊन झोंबते. या तिन्हींवर पुष्कळ जण एकच उपाय करून पाहतात. इलॅस्टिक आणखी ओढायचे, नाहीतर आणखी चिकट पट्टी आणायची. नेमक्या त्याच उपायाने तिन्ही तक्रारी बळावतात. रंगभूमीवर आणि चित्रीकरणात ही युक्ती फार जुनी आहे, परंतु तिथे पट्टी लावणारा हात सरावलेला असतो आणि लावून घेणारी व्यक्ती स्वस्थ बसलेली असते. घरी आरशासमोर दोन्ही कामे एकालाच करावी लागतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

साधन तसे साधे आहे. कानशिलाजवळ, कानापुढे किंवा कानामागे चिकटणारी पातळ पारदर्शक पट्टी, तिच्या टोकाला दोरा किंवा इलॅस्टिक, आणि केसांखालून डोक्यामागे जाऊन दुसऱ्या बाजूच्या पट्टीला जोडणारा लहानसा हुक. काही पट्ट्यांना इलॅस्टिक नसतेच. त्या स्वतःच्या चिकटपणावर त्वचा धरून ठेवतात आणि अर्थातच कमी उचलतात.

जे उचलले जात नाही, ते उचलू पाहणे

वयानुसार चेहरा ओघळतो तो केवळ त्वचा सैल पडल्यामुळे नव्हे. त्वचेतील कोलॅजन आणि इलॅस्टिन कमी होतात, गालांतील चरबी काही ठिकाणी झिजते तर काही ठिकाणी खाली उतरते, तिला धरून ठेवणारे बंध ढिले होतात आणि चेहऱ्याच्या हाडांचाही आकार थोडा बदलतो. शस्त्रक्रियेच्या इतिहासातूनही हेच दिसते. सुरुवातीच्या काळात शल्यविशारद फक्त त्वचा ओढून शिवत असत आणि तो परिणाम फार टिकत नसे. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या संशोधकांनी त्वचेखालच्या स्नायू व तंतुमय आवरणाच्या थराचे सविस्तर वर्णन केले, आणि त्यानंतर तो खोलवरचा थर घट्ट करण्याकडे लक्ष वळले. पट्टी त्या थरापर्यंत पोहोचत नाही. ती फक्त वरची त्वचा सरकवते.

म्हणून जबड्याची रेषा, भुवईचे बाहेरचे टोक आणि हनुवटीखालची सैल त्वचा यांवर पट्टीचा परिणाम चांगला दिसतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी खोल घडी मात्र थोडीच सौम्य होते, आणि डोळ्यांखालच्या फुगवट्यावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. ती घडी पुसण्याच्या हट्टाने जो जास्तीचा ताण दिला जातो, त्याने घडी जात नाही. तोंडाचे कोपरे मात्र बाजूला ताणले जातात.

पट्टी उघडण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. कानापुढे दोन बोटे सपाट ठेवून त्वचा वर आणि मागे हळूच सरकवावी, साधारण एक सेंटीमीटर. तेवढ्यात जबड्याची रेषा सुधारली, तर पट्टीचा उपयोग होईल. बोटांनी जे साधत नाही ते पट्टीनेही साधणार नाही.

पट्टी निसटते, त्याची खरी कारणे

पट्टी निसटली की दोष तिच्या चिकटपणाला दिला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा खालच्या त्वचेच्या तयारीत असतो. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन किंवा सिलिकॉनयुक्त प्रायमर लावून झाल्यावर पट्टी चिकटवणे ही सर्वांत सर्रास घडणारी चूक आहे, कारण या सर्वांचा थर त्वचा आणि चिकट पदार्थ यांच्या मध्ये येतो. पट्टी आधी आणि बाकी सारे नंतर, हा क्रम मोडू नये. जिथे पट्टी बसणार आहे तेवढीच जागा सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडी करावी. त्वचा फार तेलकट असेल तर स्पिरिटचा बोळा त्या जागेवर एकदा फिरवून तो उडून जाईपर्यंत थांबावे. हा बोळा डोळ्यांजवळ मुळीच नेऊ नये आणि कोरड्या किंवा नाजूक त्वचेवर टाळलेलाच बरा.

कानशिलावरची बारीक लव हेही पट्टी निसटण्याचे एक कारण असते. पट्टी लवेवर बसली तर ती त्वचेला नव्हे, केसांना चिकटते, आणि काढताना त्याचा त्रास वेगळाच. त्यासाठी त्याच दिवशी ती जागा दाढीच्या पात्याने साफ करणे मात्र योग्य नाही, कारण नुकत्याच पाते फिरवलेल्या त्वचेवर चिकट पदार्थ झोंबतो. केसांच्या रेषेपुढे थोडी मोकळी जागा शोधून तिथे पट्टी बसवावी आणि वरून केसांची बट सोडावी.

शेवटचे कारण घाईचे आहे. अशा पट्ट्यांचा चिकट पदार्थ दाबाने आणि उबेने पकड घेतो, आणि ती पकड पुढच्या काही मिनिटांत वाढत जाते. पट्टी लावल्यावर बोटाने अर्धा मिनिट तरी सपाट दाबून धरावी, मग पाच ते दहा मिनिटे तिला तशीच राहू द्यावी, आणि त्यानंतरच इलॅस्टिक जोडावे. लावल्या लावल्या ओढलेली पट्टी तासाभरात कडेने सुटू लागते. बोटांनी चिकट बाजूला वारंवार स्पर्श केलेला असला, किंवा एकदा लावून काढलेली पट्टी पुन्हा लावली असली, तर ती टिकण्याची अपेक्षाच ठेवू नये.

ताण कुठे द्यावा आणि किती

या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे: पट्टी त्वचेवर सैल बसवावी आणि ताण फक्त इलॅस्टिकला द्यावा. पट्टी स्वतःच ताणून चिकटवली, तर ती मूळ लांबीला परत येऊ पाहते आणि त्वचेचा वरचा थर आपल्याबरोबर खेचत राहते. परिचारिकांना हे चांगले ठाऊक असते. ताणून लावलेल्या वैद्यकीय चिकटपट्टीच्या कडेला पाण्यासारख्या द्रवाने भरलेले फोड येतात, ते याच खेचण्यामुळे. चेहऱ्यावरही तेच होऊ शकते.

ओढण्याची दिशा हा दुसरा मुद्दा. गाल सरळ मागे, कानाकडे ओढला की चेहरा वाऱ्याच्या झोतात धरल्यासारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी काहीतरी बिघडल्याचे लगेच जाणवते. त्वचा खाली उतरलेली असते, म्हणून ती वर न्यावी लागते. गालासाठी आणि जबड्यासाठी कानापुढून तिरकी वर, माथ्याच्या दिशेने; भुवईसाठी कानशिलावरून वर आणि किंचित बाहेर; मानेसाठी कानाच्या पाळीमागून मागे आणि वर. मानेसाठीची पट्टी गालाच्या जागी लावून एकाच पट्टीत दोन्ही कामे उरकण्याचा प्रयत्न केला, तर दोन्ही बिघडतात.

पट्टीपुढे चुण्या पडत असतील तर समजावे की तेवढ्याशा जागेवर फार ताण आला आहे. ताण वाढवल्याने चुण्या जात नाहीत, उलट खोल होतात. इलॅस्टिक एक टप्पा सैल करावे किंवा दोन लहान पट्ट्या थोड्या अंतराने लावून ताण वाटून द्यावा. दोन्ही बाजूंचे माप एकच ठेवण्याचीही गरज नसते. बहुतेक चेहऱ्यांची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक उतरलेली असते, आणि दोन्हींना समान ओढले की ती तफावत जशीच्या तशी वर सरकते. आधी अधिक ओघळलेली बाजू बसवावी, मग दुसरी तिच्याशी जुळवावी.

आरशात स्थिर चेहरा पाहून समाधान मानणे हीही एक चूकच आहे. पट्टी बसल्यावर मोठ्याने दोन-चार वाक्ये बोलावीत, हसावे, मान दोन्हीकडे वळवावी, खाली पाहावे, काहीतरी चावल्याची हालचाल करावी. त्यानंतर डोळे अलगद मिटून पाहावेत. पापण्या जोर न लावता पूर्ण मिटल्या नाहीत, तर कानशिलावरचा ताण तत्काळ कमी करावा. अर्धवट मिटणारा डोळा कोरडा पडून चुरचुरू लागतो.

डोके दुखणे आणि केस गळणे

पट्टी लावल्यावर कपाळाभोवती किंवा माथ्यावर दुखू लागले, तर ते सहन करण्याची गोष्ट नाही. बाहेरून डोक्यावर येणाऱ्या दाबाने किंवा केसांच्या ओढीने होणारी डोकेदुखी हा आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात नोंदलेला स्वतंत्र प्रकार आहे, आणि दाब किंवा ओढ काढल्यावर ती साधारण तासाभरात थांबते. तशी ती थांबली नाही, तर कारण दुसरे असू शकते आणि डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन समारंभ संपेपर्यंत पट्टी तशीच ठेवणे योग्य नाही.

काही जण इलॅस्टिक केसांच्या बारीक वेण्यांना अडकवतात. एखाद्या दिवसापुरते ते चालते, पण त्याच जागी पुन्हापुन्हा ओढ बसली तर मुळे कमकुवत होऊन केसांची रेषा मागे हटू लागते. वेणी करायचीच असेल तर तिची जागा दर वेळी बदलावी.

रंगभूषेबद्दल थोडक्यात सांगायचे तर पट्टीची चमक लपवण्यासाठी जाड फाउंडेशन थापू नये, कारण कडेला साचलेला रंगच पट्टीची जागा दाखवून देतो. पट्टीवर आधी बिनरंगी पावडरचा हलका हात द्यावा, मग स्पंजने टिपत टिपत पातळ फाउंडेशन बसवावे आणि फ्लॅश लावून एक छायाचित्र काढून पाहावे. तेलाधारित फाउंडेशन पट्टीच्या कडेपासून दूर ठेवावे.

खरी इजा काढताना होते

दिवसभराच्या थकव्यानंतर पट्टी एका झटक्यात ओढून काढण्याचा मोह होतो, आणि त्या एका झटक्यात त्वचेचा सर्वांत वरचा, केवळ काही शतांश मिलिमीटर जाडीचा थर पट्टीबरोबर निघून येऊ शकतो. आधी इलॅस्टिक सोडावे. मग खोबरेल किंवा दुसरे एखादे साधे तेल, नाहीतर चिकट पदार्थ सोडवणारे सिलिकॉनचे द्रावण पट्टीच्या कडेला लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. कड सुटली की पट्टी वर न उचलता स्वतःवरच उलटी दुमडत, त्वचेलगत, सावकाश आणि लवेच्या दिशेने सोडवावी, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मागची त्वचा दाबून धरावी. उरलेला चिकटपणा नखाने खरवडू नये. पुन्हा तेल लावून बोळ्याने टिपावा. त्या रात्री तिथे आम्ल असलेले सीरम, स्क्रब किंवा रेटिनॉल लावू नये.

काढल्यावर पट्टीच्या आकाराचा लालसर ठसा उमटणे आणि काही तासांत विरणे ही साधी गोष्ट आहे. परंतु एक-दोन दिवसांनी खाज सुटली, लाली पट्टीच्या कडेबाहेर पसरली किंवा बारीक फोड आले, तर ती ॲलर्जी असू शकते. चिकट पदार्थांतील ॲक्रिलेट नावाची रसायने, काहींतील राळ किंवा इलॅस्टिकच्या रबरातील रसायने ही तिची परिचित कारणे आहेत. अशा वेळी तीच पट्टी पुन्हा लावून खात्री करू नये. वेष्टन जपून ठेवून ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पट्टीचा लहान तुकडा हाताच्या आतल्या बाजूला ४८ तास ठेवून पाहण्याचा सल्ला असतो तो यासाठीच. समारंभाच्या दिवशी प्रथमच पट्टी उघडणाऱ्यांना ही संधी राहत नाही.

इसब, मुरुमांच्या जखमा, उन्हाने भाजलेली त्वचा, नुकतेच झालेले लेसर किंवा केमिकल पील यांवर पट्टी लावू नये. रेटिनॉइडचे मलम किंवा मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना त्वचा सहज सोलवटते, तेव्हाही नको. बोटॉक्स किंवा फिलर घेतले असल्यास किती दिवस थांबायचे, हे उपचार करणाऱ्यांनाच विचारावे.

पट्टीच्या जोडीला येणारी इतर साधने

डोळ्यांखाली लावायचे त्वचा ताणणारे द्रव वाळल्यावर एक पातळ पापुद्रा तयार करते आणि काही तास फुगवटा दाबून धरते. त्यात पांढरे कण दिसू लागले तर द्रव जास्त लागले आहे. वाळेपर्यंत चेहरा हलवला असेल तर चिरा दिसतात. तांदळाच्या दाण्याएवढा थेंब दोन्ही डोळ्यांना पुरतो, आणि त्याखाली क्रीम नसावे.

हनुवटीखालून डोक्यावर बांधायच्या पट्ट्यांनी चेहऱ्यातील सूज थोडा वेळ सरकते, जबड्याचा आकार कायमचा बदलत नाही. त्या बांधून झोपणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः ज्यांना घोरण्याचा किंवा झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे अशांसाठी. चेहरा घट्ट करण्यासाठी वापरली जाणारी सूक्ष्म विद्युत प्रवाहाची यंत्रे पेसमेकर बसवलेल्यांनी आणि फेफऱ्याचा आजार असलेल्यांनी वापरू नयेत.

अचानक उतरलेला चेहरा

वयाने येणारी शिथिलता वर्षानुवर्षे आणि बहुतेक दोन्ही बाजूंना येते. चेहऱ्याची एकच बाजू काही तासांत किंवा एका रात्रीत उतरली, तोंडाचा एक कोपरा लोंबू लागला, एक पापणी अचानक खाली आली, बोलणे अडखळू लागले किंवा एका हातातली ताकद गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूला आलेल्या सुजेनेही एक बाजू अशीच उतरते, पण हा फरक घरच्या आरशात ठरवता येत नाही. अशा वेळी ती बाजू पट्टीने उचलून कार्यक्रमाला जाणे म्हणजे उपचाराचा मोलाचा वेळ गमावणे होय. लक्षण पहिल्यांदा किती वाजता दिसले ते लक्षात ठेवून तडक रुग्णालय गाठावे, कारण पुढचे काही उपचार त्या वेळेवरच ठरतात.