मनगट सुटेना तेव्हा

आठवीपासून बारावीपर्यंत मी कराटे शिकले. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले, काता, म्हणजे एकट्याने करायचे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पाठ होते, जिल्हा स्पर्धेतलं एक पदकही होतं. कोणी मनगट धरलं तर कसं सोडवायचं, हे आम्ही दर शनिवारी करायचो. समोरच्याचा अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूला हात फिरवायचा आणि झटका द्यायचा. पार्टनर धरायची, मी झटका द्यायचे, हात सुटायचा. चोविसाव्या वर्षी, रात्री साडेनऊच्या सुमारास रिक्षाकडे चालत जाताना एका माणसाने खरोखरच माझं मनगट धरलं, तेव्हा मी तेच केलं. हात सुटला नाही. तो नुसता धरून उभा नव्हता, ओढत होता, आणि माझे पाय त्याच्यामागे फरफटत निघाले होते. क्लासमध्ये मला कधी कोणी ओढलंच नव्हतं.

मला वाचवलं आवाजाने. कराटेत ठोसा मारताना पोटातून आरोळी देतात, तिला किआई म्हणतात. चार-पाच वर्षं रोज दिलेली ती आरोळी आपोआप बाहेर पडली. पलीकडच्या चहाच्या टपरीवरून दोघं धावत आले आणि तो पळाला. त्यामुळे कराटेचे माझ्यावर उपकारच आहेत. पण शिकलेला डाव ऐन वेळी का चालला नाही, हे कोडं मला पुढे कित्येक महिने छळत राहिलं.

ते सुटलं जुडोच्या मॅटवर. पहिला महिना तिथे फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, हाताने मॅटवर सपकन थाप मारायची, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. दुसऱ्या महिन्यात सरांनी रँडोरीला उभं केलं. रँडोरी म्हणजे मोकळी झुंज. काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं. तुम्ही समोरच्याला पाडायचं, त्याने तुम्हाला. माझ्याहून दहा किलोंनी हलक्या असलेल्या शाळकरी मुलीने मला त्या दिवशी पाच-सहा वेळा आपटलं. आणि प्रत्येक पकडीत मला तीच ओळखीची ओढ जाणवली, त्या रात्रीची. फरक एवढाच की इथे ती मी रोज संध्याकाळी तासभर अनुभवू शकत होते. सहाएक महिन्यांनी कोणी ओढलं की माझे पाय आपणहून रुंद व्हायला लागले, कंबर खाली बसायला लागली.

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत जुडो सुरू केला, तो जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले डाव निवडून. ज्या डावांनी जोडीदाराला गंभीर इजा होईल ते त्यांनी मोकळ्या झुंजीतून काढून कातापुरते ठेवले. उरलेले डाव मग पूर्ण ताकदीने, रोज, विरोध करणाऱ्या माणसावर वापरता येऊ लागले. मला हे फार मोलाचं वाटतं. डोळ्यात बोटं घालणं कितीही प्रभावी असलं तरी त्याचा खरा सराव कोणावर करणार? ज्याचा खरा सराव होत नाही, ते घाबरलेल्या शरीराला आठवत नाही.

म्हणून नवीन कोणी ‘कराटे घेऊ की किकबॉक्सिंग?’ असं विचारलं की मी आधी जवळचे दोन-तीन क्लास बघून यायला सांगते. ज्या क्लासमध्ये आठवड्यातून किमान एकदा, देखरेखीखाली, समोरचा मनापासून विरोध करतो, तो क्लास निवडा. कलेचं नाव त्यानंतर.

या कसोटीवर आपली कुस्ती फार वरची ठरते. तालमीत झोंबी रोजची असते, तिथे लटकं काही चालत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकून आले, ते याच मातीतल्या मेहनतीवर. आता मुलींसाठीही मॅटवरची कुस्ती शिकवणारी केंद्रं आहेत. तुमच्या गावात असं केंद्र असेल तर दूरच्या चकचकीत क्लासच्या मागे जाऊ नका. बॉक्सिंगमध्ये डाव मोजके असतात आणि तोच त्याचा गुण. दोन हात वर ठेवणं, अंतर ओळखणं, ठोसा येताना डोळे उघडे ठेवणं, इतकं जमलं तरी माणूस गोठून उभा राहत नाही. ब्राझिलियन जुजुत्सू जमिनीवरचं आहे. अंगावर कोणी बसलं तर खालून कसं निसटायचं, हे तिथे जितकं बारकाईने शिकवतात तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. बायकांसाठी मला ते फार गरजेचं वाटतं.

तायक्वांदोच्या लाथांचा वेग विलक्षण असतो, पण त्याच्या ऑलिंपिक स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी आहे. त्यामुळे फक्त स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या क्लासमध्ये हात खाली ठेवायची सवय लागते, आणि रस्त्यावर पहिला हात चेहऱ्यावरच येतो. कराटेत क्लासगणिक फरक पडतो. क्योकुशिन या कराटेच्या शैलीत अंगावर पूर्ण ताकदीचे फटके घेत कुमिते, म्हणजे समोरासमोरची झुंज, चालते; माझ्या क्लासमध्ये चार वर्षांत एकदाही नीट कुमिते झाली नव्हती. क्राव मागाचा हेतूच स्वसंरक्षणाचा आहे, इस्रायली सैन्यासाठी ती घडली. पण तिथेही दमवून, ढकलून, गोंधळात टाकून सराव घेतात का, हे डोळ्यांनी बघा. मर्दानी खेळ मला जिवापाड आवडतो. कोल्हापुरात दांडपट्टा फिरताना बघितला की आजही अंगावर काटा येतो. तो जपण्यासाठी जरूर शिका. रिकाम्या हाती सुटका करून घेण्याची गरज मात्र वेगळ्या सरावाने भागवा.

क्लास बघायला जाल तेव्हा तासभर भिंतीशी बसा. नवीन आलेल्याला कसं वागवतात ते दिसतं. जाणते विद्यार्थी हलक्या माणसावर जोर काढत असतील तर उठून या. जोडीदाराने टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून थांबायची खूण केली, की पकड तत्क्षणी सुटली पाहिजे. यात कसलीही सवलत देऊ नका. मुलींना पुरुष जोडीदारांबरोबरही सराव मिळतो का आणि नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणता येतं का, दोन्ही विचारा. वर्षाची फी आधीच मागणाऱ्या आणि अमुक महिन्यांत ब्लॅक बेल्टची खात्री देणाऱ्या ठिकाणी पैसे गुंतवू नका. क्लास घरापासून किंवा ऑफिसपासून वीस मिनिटांच्या आत हवा. पावसाळ्यात तासभर प्रवास करून आठवड्यातून तीनदा जाणं कोणालाच फार दिवस जमत नाही.

ऑफिसांमध्ये महिला दिनाला दोन तासांची शिबिरं होतात. एका शिबिरात आम्हाला हातातला चाकू हिसकावून घ्यायला शिकवलं, लाकडी चाकूने, एकेक पायरी सावकाश. मला तेव्हा अक्षरशः भीती वाटली, कारण माझ्या शेजारच्या मुलीला ते जमेल असं वाटू लागलं होतं. चाकू दिसला की पर्स टाका आणि पळा. माझे जुडोचे सर पंचवीस वर्षं शिकवतात, तेही हेच सांगतात.

कायदाही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिची 34 ते 44 ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाचा. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याला गाठून मारणं त्यात बसत नाही. सुटलात की उजेडाकडे, माणसांकडे जा आणि 112 लावा.

जुडोचा मला प्रत्यक्षात सगळ्यात मोठा उपयोग झाला तो मागच्या जुलैमध्ये. ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि मी उताणी फेकली गेले. हनुवटी आपोआप छातीला लागली. कोपर खरचटलं, डोकं जमिनीला टेकलंसुद्धा नाही.

माझ्या भाचीने गेल्या महिन्यात बॉक्सिंग निवडलं, क्लास तिच्या घरामागेच आहे म्हणून. पहिल्या स्पॅरिंगनंतर, म्हणजे सरावाच्या लढतीनंतर, तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. “मावशी, ठोसा आला की माझे डोळेच मिटतात गं. सगळं विसरले मी.” मी तिला सांगितलं की मी जुडोत सुरुवातीला पकड पडली की श्वासच रोखून धरायचे, आणि विचारलं, पुढचा क्लास कधी आहे? गुरुवार, म्हणाली. गुरुवारी ती गेली.