आयपी-पोर्टच्या फंक्शनवर कमेंट लिहिताय? या चुका टाळा, आमच्या सगळ्या करून झाल्यात

गेल्या नवरात्रीत पाचव्या माळेला रात्री साडेनऊला साइटवरून फोन आला की नवा गेटवे पॅनलमधल्या मीटरशी बोलतच नाहीये. अख्खं बडोदं गरब्याला निघालेलं, आमचा ज्युनिअर केडियू (गरब्याचा घेरदार अंगरखा) घालून ग्राउंडबाहेर पार्किंग शोधत होता आणि मी दांडिया बाजारात घरी नुकती ताटावर बसले होते. आमची मकरपुरा जीआयडीसीतली छोटी कंपनी, एनर्जी मीटरचा डेटा गोळा करणारे डबे बनवतो, सगळा कोड सी मध्ये. ज्युनिअरचं पहिलं वाक्य, "बेन, टेस्टमां तो पास हतुं." आणि खरंच होतं, बेंचवर तोच डबा तीन दिवस न थांबता चालला होता.

साइटवाल्याने वायरशार्कचा (नेटवर्कवरचा डेटा टिपणारं टूल) स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा उलगडा झाला. मीटरची नेटवर्कवरची भाषा मॉडबस टीसीपी, तिचा पोर्ट (दाराचा नंबर) ५०२, आणि आमचा डबा ठोठावत होता ६२९७७ चं दार. ५०२ हा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) दोन बाइटमध्ये ०१ एफ६ असा बसतो, तो उलटा केला की एफ६ ०१, म्हणजे ६२९७७. (फंक्शनची नावं पुढे आम्ही ऑफिसात बोलतो तशीच लिहितेय, समजून घ्या.) आमचं सेट-पीअर नावाचं फंक्शन आत पोर्टवर एच-टू-एन-एस (आकड्याचे बाइट मशीनच्या म्हणजे होस्ट ऑर्डरमधून वायरच्या म्हणजे नेटवर्क ऑर्डरमध्ये नेणं) करत होतं, आणि ज्युनिअरने बाहेरूनही एच-टू-एन-एस करूनच पोर्ट दिला होता, दोनदा उलटं म्हणजे पुन्हा सुलटं, आणि लिटल एंडियन एआरएमवर (हा प्रोसेसर खालचा बाइट आधी ठेवतो) सुलटं म्हणजेच वायरवर चुकीचं. बेंचवर पास का झालं तर सिम्युलेटरही आमचाच, तोही हेच फंक्शन तसंच बोलावत होता, दोघं गुण्यागोविंदाने ६२९७७ वर भेटत होते. रात्री साडेअकराला दुरुस्त बिल्ड पाठवला, साइट सुरू झाली, आणि सकाळी पुन्हा ज्युनिअर, "बेन, हवे टेस्ट फेल थाय छे." अरे सिम्युलेटर कोण बदलणार!

मी त्याला झापायच्या तयारीत हेडर (फंक्शनची यादी असलेली फाइल) उघडला तर कमेंट माझीच निघाली. "पीअरचा आयपी आणि पोर्ट सेट करतं." म्हणजे काय, फंक्शनचं नावच फिरवून लिहिलं होतं. त्यात गंमत अशी की त्या फंक्शनला आयपी नेटवर्क ऑर्डरमध्ये हवा होता, कारण तो आयनेट-पी-टू-एन (पत्त्याची स्ट्रिंग आकड्यात बदलणारं फंक्शन) मधून तयार होऊन येतो, आणि पोर्ट हवा होता होस्ट ऑर्डरमध्ये. एकाच फंक्शनच्या दोन पॅरामीटरचे दोन कायदे. पोराने आयपी नेटवर्क ऑर्डरमध्ये बघितला, पोर्टही तसाच असेल असं धरलं, त्याचं काय चुकलं? आता तिथे असं लिहिलंय: "आयपी नेटवर्क ऑर्डरमध्ये, आयनेट-पी-टू-एन देतं तसाच. पोर्ट होस्ट ऑर्डरमध्ये, ५०२ हवा तर ५०२ च द्या, उलटापालट आत होते." दोन ओळी. त्या आधीच लिहिल्या असत्या तर माझी भाजी गार झाली नसती.

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक ही, की टाइपला जे सांगता येत नाही तेच कमेंटमध्येही लिहायचं नाही. ३२ बिटचा अनसाइन्ड आकडा बघून तो कुठल्या बाजूने वाचायचा हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. लिनक्स कर्नलवाल्यांनी यासाठी बीई-३२, बीई-१६ (बीई म्हणजे बिग एंडियन, हीच नेटवर्क ऑर्डर) असे वेगळे टाइपच केलेत आणि स्पार्स नावाचं टूल घालमेल पकडतं, तेवढी ऐपत नसेल तर निदान व्हेरिएबलच्या नावात बीई लावा, पण कमेंट चुकवू नका. लॉगमध्ये १९२.१६८.१.१० च्या जागी १०.१.१६८.१९२ दिसला की समजायचं की हाच रोग.

दुसरी चूक मेमरी कोणाची हे न लिहिणं. आयनेट-एन-टू-ए पत्त्याच्या आकड्याची स्ट्रिंग करून देतं ती त्याच्या स्वतःच्या स्टॅटिक बफरमधली, पुढच्या कॉलला तीच जागा पुसून नवीन लिहितं. आमच्या एका लॉगमध्ये "इथून तिथे" अशी एकच प्रिंट-एफ होती, दोन्ही पत्ते याच फंक्शनने काढलेले, आणि आठवडाभर लॉग म्हणत होता की डबा स्वतःशीच बोलतोय. बरं, आर्ग्युमेंट कुठलं आधी निघेल हे सी मध्ये ठरलेलंच नाही, त्यामुळे एका कंपायलरवर सोर्स दोनदा दिसायचा आणि दुसऱ्यावर डेस्टिनेशन, आणि आम्ही दोघंजण नेटवर्कला शिव्या देत बसलो. असं फंक्शन आपल्या रॅपरमध्ये (आत त्यालाच बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळलंत तर कमेंटमध्ये तीन गोष्टी हव्यातच: पॉइंटर कोणाचा, किती वेळ खरा, फ्री करायचा की नाही. "स्ट्रिंग परत करतं" एवढं लिहिणं म्हणजे पाहुण्याला "घर स्टेशनजवळ आहे" सांगण्यासारखं. गेट-अ‍ॅडर-इन्फो तर नावावरून पत्ते शोधून त्यांची आख्खी लिंक्ड लिस्ट हातात देतं, ती फ्री-अ‍ॅडर-इन्फोनेच सोडायची, नुसत्या फ्रीने नाही, हे रॅपरच्या कमेंटमध्ये नसेल तर कोणीतरी नक्की विसरतं.

रिटर्न व्हॅल्यूचा गोंधळ वेगळाच. आयनेट-पी-टू-एन जमलं तर १ देतं, स्ट्रिंग बकवास असेल तर ०, आणि फॅमिलीच (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) माहीत नसेल तर उणे १. आता सी वाल्यांच्या डोक्यात ० म्हणजे सगळं ठीक असं इतकं भिनलंय की "शून्यापेक्षा कमी असेल तर एरर" असं लिहून मोकळे होतात, चुकीची स्ट्रिंग ० घेऊन मागच्या दाराने आत येते आणि पत्ता ०.०.०.० च राहतो. लिनक्सवर त्याला कनेक्ट केलं की ते आपल्याच मशीनकडे जातं, मग शोधा दिवसभर. उलट गेट-अ‍ॅडर-इन्फोचं ० म्हणजे खरंच यश, पण एरर आली तर कोड रिटर्नमध्ये असतो, एर-नो (सिस्टमचा एरर नंबर) मध्ये नाही, म्हणून तो नंबर शब्दांत छापणारं पी-एरर लावलं की बहुतेक वेळा स्क्रीनवर एररच्या पुढे "सक्सेस" छापून येतं. तिथे रिटर्नचा कोड शब्दांत सांगणारं जीएआय-स्ट्र-एरर लागतं. आणि जुनं आयनेट-अ‍ॅडर अपयशाला उणे १ देतं, जो २५५.२५५.२५५.२५५ हा खराखुरा ब्रॉडकास्ट पत्ताच आहे. म्हणून कमेंटमध्ये "फेल झालं तर एरर" असं मोघम नको, प्रत्येक व्हॅल्यू वेगळी लिहा, डॉक्सिजनमध्ये (कमेंटवरून मॅन्युअल बनवणारं टूल) त्यासाठी रेट-व्हॅल आहेच.

आता माझा आवडता, म्हणजे सगळ्यात जास्त डोकं खाल्लेला. फंक्शन कुठली स्ट्रिंग मान्य करतं हे कोणीच लिहीत नाही, "आयपीची स्ट्रिंग" लिहिलं की झालं. पॅनलवर बऱ्याचदा आयपी टाकायला तीन-तीन आकड्यांचे चार चौकोन असतात, त्यामुळे ऑपरेटर लोकांना १९२.१६८.०१०.००५ असं लिहायची सवय, दिसायलाही सरळ दिसतं. आयनेट-ए-टू-एन हेही स्ट्रिंग वाचणारं फंक्शन, पण ते पुढचं शून्य बघून आकडा ऑक्टल (आठाच्या पायातला) धरतं, ०१० चे झाले ८, ००५ चे ५ च, आणि डबा निघाला १९२.१६८.८.५ ला. कुठेही एरर नाही! उद्या कोणी ००८ टाकलं तर मात्र ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची सी लायब्ररी) फंक्शन नापास करतं, कारण ऑक्टलमध्ये ८ नाहीच, म्हणजे ००७ चालतो आणि ००८ नाही, मग ऑपरेटर म्हणतो तुमचा डबा लहरी आहे आणि त्याचंही खरंच. हेच फंक्शन १२७.१ ला १२७.०.०.१ समजतं, आयनेट-पी-टू-एन असले लाड करत नाही, त्याला चारही आकडे दशमानातच हवेत. आम्ही आता पार्सरच्या डोक्यावर चार नमुने लिहितो, दोन चालणारे आणि दोन न चालणारे, आणि तेच चार टेस्टमध्येही घालतो. परिच्छेदभर वर्णनापेक्षा नमुना पटकन कळतो.

बफरचं थोडक्यात. पत्त्याच्या स्ट्रिंगला आयपीव्ही४ साठी १६ बाइट आणि आयपीव्ही६ साठी ४६, शेवटचा शून्य बाइट धरून, आणि हे आकडे हाताने लिहू नका, हेडरमधले कॉन्स्टंट वापरा. लिंक-लोकल (त्याच नेटवर्कपुरत्या) पत्त्यामागे टक्क्याचं चिन्ह लावून इंटरफेसचं नाव लिहिणार असाल तर ४६ पुरेलच असं नाही, तेही कमेंटमध्ये टाका. सॉक-अ‍ॅडर पॉइंटर (पत्ता-पोर्ट ठेवलेल्या जागेचा) घेत असाल तर कुठल्या फॅमिली चालतात ते लिहा, कारण लिनक्सवर सॉक-अ‍ॅडर-इन १६ बाइटचा आणि सॉक-अ‍ॅडर-इन-सिक्स २८ चा, पॉइंटर बघून फरक कळत नाही.

कमेंटमधल्या उदाहरणात कुठला आयपी लिहायचा यावर आमच्याकडे वाद झाला होता. एकाने क्लायंटच्या साइटचा खराच पत्ता कॉपी-पेस्ट केला होता, आणि तोच कोड दुसऱ्या क्लायंटला गेला! कागदोपत्री उदाहरणांसाठी पत्ते मुद्दाम राखून ठेवलेत, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे कागद) ५७३७ मध्ये १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४, आयपीव्ही६ साठी आरएफसी ३८४९ मध्ये २००१:डीबी८::/३२. १.२.३.४ पण नको, तो कोणाचातरी खरा आहे.

आणि कमेंट शिळी होते. त्या स्टॅटिक बफरच्या भानगडीनंतर मी फंक्शन बदलून दर वेळी मॅलॉकने नवी १६ बाइटची जागा देणारं केलं, वर कमेंट मात्र जुनीच राहिली, "पॉइंटर फ्री करू नका." सगळ्यांनी इमानेइतबारे पाळलं. सेकंदाला लॉगमधला एकच पत्ता धरला तरी दिवसाला १३ लाखांहून जास्त बाइट गळायला लागले, आणि डबे दर थोड्या दिवसांनी आपोआप रीस्टार्ट. डॉक्सिजन पॅरामीटरचं नाव चुकलं तर वॉर्निंग देतं, पण वाक्य खोटं झालंय हे त्याला कुठून कळणार. आता कॉलर स्वतःचा बफर आणि त्याची लांबी देतो, कमेंटमध्ये त्या पॅरामीटरपुढे आउट (म्हणजे फंक्शन यात लिहून देतं) लिहिलंय, आणि रिव्ह्यूला बसले की हेडरचा डिफ (काय बदललं ते) मी आधी उघडते, सी फाइलचा नंतर. ज्युनिअर अजूनही कधीकधी "चालशे, बेन" म्हणून बघतो.