महासाथीतला रियाज: संगीताच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि विद्यापीठांमधली संगीताची दालनं बंद झाली. इतिहासाची टिपणं घरी बसून वाचता येतात. शेजारच्या वादकाचा श्वास ऐकून सूर कसा धरायचा, हे एकट्याने शिकता येत नाही. ही पोकळी भरून काढायला मुलांनी जे जे केलं, त्यातलं बरंच त्यांच्याच अंगावर उलटलं. साथ असो की लांबलेलं आजारपण, घरात अडकल्यावर माणूस त्याच चुका करतो.

मोकळा झालेला सगळा वेळ रियाजाला देणं

सर्वाधिक नुकसान या चुकीने होतं, कारण ती दिसते मेहनतीसारखी. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सर्वोत्तम विद्यार्थीही दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपासच एकट्याने सराव करत, तोही तुकड्यातुकड्यांनी, आणि दुपारी झोपही काढत. एरवी तास, जिने, जेवणाची सुट्टी यांमुळे हाताला आपोआप विश्रांती मिळते. घरी ती कोणी देत नाही. मग अंगठा दुखतो, मनगट आखडतं, बोटांना मुंग्या येतात आणि ‘सवय सुटली म्हणून होतंय’ असं समजून आणखी तासभर रेटलं जातं.

अर्ध्या तासाने वाद्य खाली ठेवा, उठा, चाला. दुखायला लागलं की तिथेच थांबा. दुखणं दुसऱ्या सकाळीही असेल किंवा मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून परीक्षेपर्यंत ढकलू नका. मोठ्या खंडानंतर सुरुवात नेहमीच्या निम्म्याने करा.

हात बंद म्हणजे शिकणं बंद, असं मात्र नाही. मेंदूचे अभ्यासक पास्कुअल-लिओन यांच्या १९९५ च्या प्रयोगात काही जणांनी पाच दिवस पियानोचा एक छोटा धडा फक्त मनात वाजवला. प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतकी नाही, पण त्यांचीही प्रगती झाली. दुखऱ्या हाताला यापेक्षा चांगला उद्योग नाही.

व्हिडिओ कॉलवरचा आवाज स्वतःचा मानणं

ऑनलाइन तासात आपला लांबवलेला सूर मध्येच गायब झालेला ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. दोष बहुधा गळ्याचा नसतो. ही ॲप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत. टिकून राहिलेला स्वर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो पुसतात. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’चा पर्याय सुरू करा.

एकत्र गाण्यावाजवण्याचा हट्ट तर सोडाच. साधारण २५-३० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की लय ओढली जाऊ लागते, आणि साध्या व्हिडिओ कॉलवर तो याच्या कित्येक पट असतो. एकाने वाजवावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून साथ करावी. अगदीच हवं असेल तर इंटरनेटवरून एकत्र वाजवण्यासाठीच बनलेली जॅम्युलस किंवा जॅकट्रिप ही सॉफ्टवेअर वापरून पाहा, पण तारेचं इंटरनेट आणि तारेचा हेडफोन घेऊन. ब्लूटूथ स्वतःचा उशीर वर घालतं.

हेडफोनचंच सांगायचं तर, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की हे तास निम्मे होतात. रात्री कान वाजत असतील तर आवाज कमी करा आणि कानाला सुट्टी द्या; तरी थांबलं नाही तर कान तपासून घ्या.

आजारातून उठल्या उठल्या गाणं

समूहगानावर बंदी आली तेव्हा अनेकांना ती आपल्यावरच राग काढल्यासारखी वाटली. कारण मात्र खरं होतं: मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅगिट व्हॅलीच्या वृंदगायकांच्या एका तालमीला ६१ जण जमले होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले.

बरं झाल्यावर गायकांनी आणि फुंकवाद्य वाजवणाऱ्यांनी आधी दम तपासावा. जिना चढताना धाप लागत असेल तर लांब आलाप नकोच. मधल्या पट्टीत दहा मिनिटं गाऊन थांबा आणि दुसऱ्या दिवशी थकवा वाढतो का ते पाहा. वाढला तर दहाची पाच करा. सारखं खाकरणं टाळा. कुजबुजून बोलण्याने गळ्याला विश्रांती मिळते, हाही गैरसमजच आहे.

मन रमवण्याचंही वेळापत्रक करणं

पहाटे ध्यान, सात वाजता योग, मग कृतज्ञतेची वही. चार दिवसांनी हे चुकतं आणि अपराधाची एक नवी यादी तयार होते. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन प्रकार मांडले: अडचण सोडवणं आणि भावना सांभाळणं. रद्द झालेली मैफल तुम्ही सोडवू शकत नाही. तिचं वाईट वाटू द्या, मित्राला फोन करून चरफडा. सोडवण्यासारखं काय आहे, तर झोपेची वेळ, रियाजाची जागा, शेजाऱ्यांशी ठरवलेले तास.

इतरांचे निर्दोष व्हिडिओ पाहून खचू नका. त्यामागचे फसलेले टेक कोणी टाकत नाही. वाद्याकडे बघवत नसेल तर काही दिवस बघू नका. दोन आठवडे झोप, भूक, रस सगळंच गेलेलं असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. जगणं नको वाटत असेल तर मात्र त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

आणि मुदतवाढ मागायची असेल तर मुदत संपण्याआधी मागा. लांब कारणमीमांसा नको: काय तयार आहे, काय राहिलं, किती दिवस हवेत, एवढ्या तीन ओळी शिक्षकांना पुरतात.