पंचायतीत फायबर घ्यायचं असेल तर ठरावाआधी हे बघून घ्या

भारतनेटचं (गावोगावच्या पंचायतीत फायबर नेट पोचवायची केंद्राची योजना) पत्र आलं की मासिक मिटिंगमध्ये विषय दोन मिनिटात संपतो, "घ्या ना भो, फुकट शे" आणि झाल्या सह्या. वायर सरकार आणून देतं हे खरं, पण ती तुटल्यावर जोडणार कोण, खोलीचं लाईटबिल कोण भरणार आणि गावातल्या घरापर्यंत नेट नेणार कोण, एवढं ठरलं नसेल तर त्या ठरावाला काही अर्थ नाही, म्हणून आधी हे बघा.

सगळ्यात आधी पंचायतीचं कपाट उघडा. ही योजना २०११ पासूनची आहे, तेव्हा नाव एनओएफएन होतं, २०१५ ला भारतनेट झालं, दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात महानेट नावाने काम झालं, त्यामुळे तुमच्याकडे आधीचाच नेटचा डबा (फायबरची वायर ज्यात लागते तो), बॅटरी, सोलर पॅनल पडलेलं असू शकतं. डबा लावून लाईटी बघा. काहीच पेटत नसेल तर वीज किंवा अडाप्टर. एलओएस लिहिलेली लाईट लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाहीये, म्हणजे वायर कुठेतरी तुटली किंवा वाकली. पॉन लिहिलेली लाईट हिरवी स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर गावातली वायर धडधाकट आहे, अडचण वरती आहे किंवा प्लॅन चालू नाही. ही तपासणी ऑपरेटर पोरगा पाच मिनिटात करतो आणि त्यावरच कळतं की नवीन काम मागायचंय की जुनं दुरुस्त करून घ्यायचंय.

मग वायर कुठून येते ते विचारा. जुन्या पद्धतीत तालुक्याच्या एक्स्चेंजमधून एक लाईन निघते, वाटेत फाटे फुटतात, गावाच्या अलीकडे कुठे जेसीबी लागला की पुढची सगळी गावं बंद. केंद्राने ४ ऑगस्ट २०२३ ला जी सुधारित योजना मंजूर केली, १,३९,५७९ कोटींची, तिच्यात रिंग आहे, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालतं, आणि दहा वर्षांची देखभालही धरलेली आहे. तर नकाशा मागा आणि सरळ विचारा, आमचं गाव रिंगवर आहे की टोकावर? आणि त्याच लाईनवरच्या शेजारच्या गावच्या भाऊसाहेबांना (म्हणजे ग्रामसेवक, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण कोण म्हणतं) फोन करा, मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं, त्यांचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरं.

आपल्याकडे खान्देशात पावसाळ्याचं वेगळंच आहे. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पाणी पडलं की फुगते, उथळ टाकलेल्या वायरीचं मग काही खरं नाही. पहिल्या टप्प्यात १.६५ मीटर खोल टाकायचा नियम होता, तर काम चालू असताना कोणीतरी टेप घेऊन उभं राहा, नंतर बोंबलून उपयोग नाही. शिवाय पाण्याची पाईपलाईन, रस्ता, गटार, सगळे तिथेच खोदतात. कॉल बिफोर यू डिग नावाचं सरकारी ॲप २०२३ पासून आहे, खोदणाऱ्याने आधी त्यात कळवायचं असतं, पंचायतीच्या प्रत्येक कामाच्या ऑर्डरमध्ये ही अट टाकून द्या.

नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात वनजमीन आडवी येते. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वाचा, वीज आणि दूरसंचाराच्या लाईनीसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडता येत नाहीत. म्हणजे तिथे ग्रामसभा हवीच.

आता पैसे. १५ व्या वित्त आयोगाचे (मार्च २०२६ पर्यंतचे) ६० टक्के बंधित, ते पाणी आणि स्वच्छतेचे, त्याला हात लावू नका. ४० टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून नाही. म्हणून दर महिन्याचं बिल घरपट्टी-पाणीपट्टीतून निघतं का ते बघा, टेलिकॉमवर १८ टक्के जीएसटी असतो तो विसरून हिशोब करतात लोक. आणि पंचायतीची लाईट थकबाकीत कापली तर बॅटरी किती टिकणार, जमलं तर त्या खोलीला वेगळं मीटर घ्या.

घरोघरी कनेक्शन द्यायचं असेल तर "कोणाला पाहिजे" असं विचारू नका, सगळे हात वर करतात. अनामत घेऊन नाव लिहा. समजा ४० घरांनी महिन्याला ४०० दिले तर १६ हजार होतात, त्यात माणसाचा पगार, वायर, मोडतोड बसतं का ते कागदावर मांडा. केळीवाले, दूध डेअरी, विकास सोसायटी, शाळा यांना आधी धरा, हे महिन्याला भरतात. गावातला केबलवाला असेल तर त्याला शत्रू समजू नका, खांब आणि घरात जाणारी वायर त्याच्याकडे आधीच आहे, भारतनेटची लाईन घेऊन तो शेवटचा टप्पा चालवू शकतो. फक्त तो सरपंचाचा किंवा मेंबरचा भागीदार नसावा, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये पंचायतीच्या कामात हितसंबंध असला तर सदस्यत्व जातं, आणि विरोधक पार्टी हे शोधतेच.

ठरावात "नेट घेण्यास मंजुरी" एवढंच लिहू नका. खोलीची चावी कोणाकडे, बिघाड झाल्यावर किती तासात माणूस येणार आणि नाही आला तर काय, रस्ता फोडल्यावर पूर्ववत कोण करणार, आणि दुसऱ्या कंपनीलाही याच गावात यायची मोकळीक राहील, हे सगळं लिहा. एकाच कंपनीला गाव बांधून देऊ नका, प्लॅन स्वस्त वाटला तरी. खात्री वाटत नसेल तर आधी सहा महिने फक्त पंचायत, शाळा आणि आपले सरकार केंद्राला घ्या, बंद पडल्याची तारीख-वेळ वहीत लिहीत जा, मग घरांचं बघा.

ठरावाची नक्कल बीडीओ साहेबांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या, तोंडी "दिला होता" चालत नाही.